शेजारच्या साच्यावरची हाक

प्रज्ञा गेल्याचा निरोप मला मिलिंदने लिहून पाठवला. फोन केला नाही. त्यांच्या घरात शेवटच्या काही महिन्यांत फोनवर बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. तिला ऐकू येत नसे, आणि तिच्यासमोर दुसऱ्या कुणाशी ओठ हलवत बसणं मिलिंदला नको वाटायचं. दुपारची वेळ होती. गिरगावातल्या माझ्या घरी मी डाळ निवडत होते. "प्रज्ञा सकाळी गेली. शांतपणे," एवढंच त्यात होतं. त्यातला शेवटचा शब्द मी पुन्हा वाचला. शांतपणे... ज्या बाईने आयुष्यभर लोकांना सांगितलं की बहिऱ्या कानांना शांतता कधी मिळतच नाही, तिच्याबद्दल तिच्या नवऱ्याने हा शब्द लिहावा, हे मला कसंसंच वाटलं. काही आठवडे झाले त्याला. आता तिच्याविषयी सलग लिहिता येईल असं वाटतंय.

मी परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. गिरण्यांचा संप होऊन काही वर्षं झाली होती. म्हणजे संप कुणी रीतसर मागे घेतला नव्हता आणि कामावर कुणी गेलंही नव्हतं, असा तो काळ. चिमण्या उभ्या होत्या, धूर नव्हता. अशात एक दिवस खांद्याला कापडी पिशवी लावलेली, उंच, किडकिडीत मुलगी काउंटरशी आली. ऐकू येण्याच्या तपासणीचा अभ्यासक्रम ती आमच्याच रुग्णालयात शिकत होती. आवाज एकदम खणखणीत. ग्रंथालयात इतक्या मोठ्याने कुणी बोलत नाही, म्हणून दोन-तीन डॉक्टरांनी माना वर केल्या. तिने विचारलं, "बहिऱ्या माणसाला बंद पडलेला साचा ऐकू येतो, यावर कुठं काही छापून आलंय का?"

साचा म्हणजे माग, हे मला तिनेच सांगितलं. तिचे वडील, आप्पा, लालबागजवळच्या एका गिरणीत साच्यावर होते. तरुणपणापासून त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, तसे त्या खात्यातल्या बहुतेकांचे गेले होते. माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखत, आणि घरची मंडळी मोठ्याने बोलायला शिकत. प्रज्ञाचा आवाज खणखणीत होता तो त्यामुळे. संप झाला, गिरणी बंद पडली, आप्पा घरी बसले. एका दुपारी जेवण झाल्यावर ते भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा उजवा हात आपोआप पुढेमागे व्हायला लागला. आईने विचारलं काय झालं. आप्पा म्हणाले, "चालू झाली बघ." काय चालू झाली? "गिरण." बाहेर तर काहीच नव्हतं. चाळीत दुपारची सामसूम होती.

त्याच चाळीत खालच्या मजल्यावर सावंतकाका राहायचे. मालवणकडचे. ते आणि आप्पा गिरणीत शेजारी-शेजारी उभे असायचे, वर्षानुवर्षं. सावंतकाकांनाही तेच ऐकू येऊ लागलं. पण ते आप्पांसारखे गप्प बसले नाहीत. गिरण चालू झाली म्हणून डबा घेऊन ते सकाळी गेटवर गेले. कुलूप पाहून परत आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चाळीत कुणी म्हणालं, बाहेरचं काही लागलंय. कुणी म्हणालं, संपाने डोक्यावर परिणाम झाला. शेवटी त्यांच्या मुलांनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. परत आले तेव्हा तिथल्या औषधांनी हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, नजर कुठेच ठरत नव्हती. आप्पा त्यांना जिन्यावरूनच एकदा पाहून आले, आणि त्या दिवसापासून कानातल्या आवाजाबद्दल त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. हात मात्र हलायचा. हलायला लागला की ते तो मांडीखाली दाबून ठेवायचे. "मी ते रोज बघते," प्रज्ञा म्हणाली. "मला एवढंच कळायला हवंय की हे वेड आहे का आणखी काही."

तेव्हा शोध म्हणजे जगभरच्या वैद्यकीय लेखांची सूची देणारे जाडजूड खंड उघडून बसणं. आम्ही बसलो. त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी तपासून, शंका काढून, मगच छापलेले लेख. गिरणी कामगारांच्या बहिरेपणावर पुष्कळ होते. आलेख होते, कोष्टकं होती. पण कानात काय वाजतं या प्रश्नाला तिथे छापील पर्याय दिलेले: शिट्टी, गुणगुण, घंटा. कामगाराने त्यातल्या एकावर खूण करायची. "यात साच्याला जागाच नाही," प्रज्ञा म्हणाली. "आप्पांना हा कागद दिला असता तर ते काहीच नाही म्हणाले असते."

मग मी तिला आमचं खालचं कपाट दाखवलं. आम्ही ग्रंथपाल लोक ज्याला ग्रे लिटरेचर म्हणतो, करडं साहित्य, ते तिथे असायचं. ना पुस्तक, ना नियतकालिक. कुणी तपासलेलं नाही, कुणी विकायला ठेवलेलं नाही. आरोग्य शिबिरांचे सायक्लोस्टाइल अहवाल, परिषदांत वाचलेले पण कधी न छापलेले निबंध, विद्यार्थ्यांचे प्रबंध, युनियनची पत्रकं, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका. देणगीत आलेलं सगळं तिथे जायचं आणि तिथेच राहायचं. कपाट उघडलं की शाईचा आणि वाळवीच्या औषधाचा मिळून एक वास यायचा, तो अजून माझ्या नाकात आहे.

काही दिवस ती त्या कपाटापुढे मांडी घालून बसत होती. एका दुपारी तिने मला हाक मारली, "नीला, इकडे ये ना." नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही. तिच्या हातात लालबागच्या एका शिबिराचा अहवाल होता. त्यात एका साचेवाल्याबद्दल लिहिलं होतं, रुग्णास गिरणी चालू असल्याचा भास होतो, आवाज मध्येच थांबतो, व थांबल्यावर नावाने हाक येते. तिने दुसरा कागद पुढे केला. दुसरं शिबिर, दुसरी चाळ, तेच. समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीचा टंकलिखित प्रबंध होता, त्यातली एक बायको सांगत होती की नवरा जेवता जेवता थांबतो, कुणीतरी बोलावल्यासारखं वर बघतो. आणि एका स्मरणिकेत तर विनोदी लेखच होता, चाळीतल्या एका काकांना गिरणीतून बोलावणं येतं म्हणून. लोक हसावेत म्हणून लिहिलेला. आम्ही हसलो नाही. पंखा चालू होता, माणसं वाचत बसली होती, भर दुपारचं ऊन खिडकीत होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला. एकमेकांना न ओळखणारी ही माणसं, वेगवेगळ्या गल्ल्यांतली, बंद गिरणीतून येणारी हाक ऐकत होती.

"आप्पा वर बघतात," प्रज्ञा हळूच म्हणाली. "मधेच. मला वाटायचं पाल आहे."

पण मी ते दोन शिबिरांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले. 'श्रवण' हा शब्द दोन्हीकडे एकाच तऱ्हेने चुकला होता, आणि पुढची तीन वाक्यं अक्षरशः सारखी होती. दुसऱ्या अहवालाने पहिल्यातून उतरवून घेतलं होतं. म्हणजे दोन माणसं नव्हती, एकच माणूस होता. तपासणारं कुणी नसलं की असं होतं. एकच गोष्ट चार कागदांत फिरते आणि चार जणांनी सांगितल्यासारखी वाटते. मी तिला ते दाखवलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. तिने दुसरा अहवाल कपाटात परत ठेवला. "बरं झालं," म्हणाली. "हे घेऊन मी पुढे गेले असते तर पहिल्याच माणसाने मला उडवून लावलं असतं." स्मरणिकेतला लेखही तिने बाजूला काढला. कोण काका, खरे का बनवलेले, कळायला मार्ग नव्हता. पण फेकून दिला नाही. "पुरावा नाही हा. पण कुठं विचारायला जायचं ते सांगतोय," ती म्हणाली.

आणि मग छापील लेखांतच, गिरणीचं नावही नसलेल्या एका परदेशी लेखात, तिला दुसरा अर्धा भाग सापडला. म्हातारपणी बहिऱ्या झालेल्या काही बायकांना घरात कुणी नसताना प्रार्थनेची गाणी ऐकू येत होती. बायका पूर्ण शहाण्या होत्या. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की, कानांकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामा बसत नाही, आयुष्यभर जे ऐकलं ते स्वतःच वाजवू लागतो. एका बाजूला नीट तपासलेलं कारण, पण आपली माणसं नाहीत. दुसऱ्या बाजूला आपली माणसं, पण तपासलेलं काही नाही. प्रज्ञाने दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "सावंतकाकांना इथे आणता येईल का गं?"

रुग्णालयाच्या तळमजल्यावर कान तपासायची बंद खोली होती. भिंतींना जाड गाद्या, दाराला दुहेरी काच. आत उभं राहिलं की बाहेरचं परळ एकदम पुसलं जायचं आणि आपल्याच रक्ताची सळसळ ऐकू यायची. मला त्या खोलीत कधी करमलं नाही. सावंतकाका आले. त्यांची मुलं नाराजीनेच घेऊन आली होती. प्रज्ञाने मला लिहून घ्यायला बसवलं, कारण, ती म्हणाली, मला जे हवंय तेच मी ऐकेन. कान तपासून झाल्यावर तिने एकही पर्याय न देता, ओठ स्पष्ट हलवत फक्त एवढंच विचारलं, "काका, काय ऐकू येतं?" आणि थांबली. खूप वेळ थांबली. मला ती शांतता असह्य झाली होती.

"खडखडाट येता," काका म्हणाले. "मगे थांबता."

"मग?"

"मगे हाक येता."

कुणाच्या नावाने, हे आमच्या कुठल्याच कागदात नव्हतं. आम्ही दोघी धरून चाललो होतो की ज्याच्या त्याच्या. तरी प्रज्ञाने विचारलं, "कोणाच्या नावाने?"

सावंतकाकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे थरथरणारे हात तेवढ्यापुरते थांबल्यासारखे मला वाटले. "माझ्या नाय गो. तुझ्या बापाशीच्या."

प्रज्ञाने मान खाली घातली. मी लिहिलं. माझं अक्षर त्या ओळीत वाकडं झालेलं होतं, नंतर तिने ते मला दाखवलं होतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने आप्पांसमोर बसून, तसंच, काही न सुचवता विचारलं. इस्पितळात पाठवणार का, असं आप्पांनी आधी डोळ्यांनी विचारलं, असं ती म्हणायची. तिने त्यांचा मांडीखाली दाबलेला हात काढून आपल्या हातात घेतला. मग आप्पा म्हणाले, आवाज थांबला की कुणीतरी "सावंत, सावंत" करतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या चाळीत गेले. प्रज्ञा आप्पांना घेऊन खाली सावंतकाकांच्या खोलीत आली. काका इस्पितळातून आल्यापासून दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. आप्पांना भीती होती की आपणही त्याच रांगेत जाऊ. "जयभीम, सावंत," आप्पा म्हणाले. "ये रे, बस," काका म्हणाले, आणि दोघे समोरासमोर बसले. आमच्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. प्रज्ञाने विचारलं, दोघांना एकमेकांचंच नाव का ऐकू येतं? तेव्हा आप्पांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की मला आधी कळलंच नाही. खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, लांबून हाक मारायचा. ज्याचं नाव, त्याला आपल्या साच्याच्या आवाजात ते कधीच ऐकू जायचं नाही, तो तर वाकून सूत बघत असायचा. म्हणून शेजाऱ्याने लक्ष ठेवायचं. "माझं नाव ह्यानं ऐकायचं, ह्याचं मी. हा गेला का ह्याचे साचेबी मी बघायचे." एवढं बोलून आप्पा थांबले. आणि मग मी जे पाहिलं ते पाहिलं तसं सांगते. चाळ शांत होती, कुणी बोलत नव्हतं, आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकाच क्षणी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आप्पांनी हाताने खूण केली, जा, मी आहे. सावंतकाका किंचित हसले.

प्रज्ञाला मी नंतर विचारलं, हे कसं? ती म्हणाली, एकाची मान हलली म्हणून दुसऱ्याची हलली असेल, नजर तशी तयार झालेली असते. मग म्हणाली, "असंच असेल." तिने हे कुठेही लिहिलं नाही. दोनदा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असा तिचा नियम होता.

सावंतकाकांच्या मुलांना तिने कान तपासल्याचे आलेख आणि तो परदेशी लेख घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. औषधं हळूहळू कमी झाली. हात पूर्ण थांबले नाहीत, पण चहाची कपबशी धरता येऊ लागली. ते पुढे बरीच वर्षं जगले आणि चाळीत त्यांना पुन्हा कुणी वेडा म्हटलं नाही. आप्पांनी हात मांडीखाली दाबणं सोडलं. मला वाटतं, प्रज्ञाला जे हवं होतं ते तिला तिथेच मिळालं.

तिचा निबंध मात्र एका नियतकालिकाकडून परत आला. शिबिरांचे अहवाल आणि अप्रकाशित प्रबंध हा आधार होऊ शकत नाही, असा तपासणाऱ्याचा शेरा होता. ती एक कप चहा होईपर्यंत रागावलेली होती. मग म्हणाली, "त्याचंही बरोबर आहे. मी सगळं एकाच दोरीवर वाळत घातलं." तिने तो पुन्हा लिहिला. काय तपासून कळलं, काय नुसतं कुणी सांगितलं, आणि कुठला कागद फक्त वाट दाखवण्यापुरता वापरला, हे वेगवेगळं. आणखी माणसं तपासली. दुसऱ्या ठिकाणी तो छापून आला, पण कापून, लहान होऊन. हाकेचा भाग त्यांनी काढला. पूर्ण मजकूर तिने टंकलिखित करून आमच्या खालच्या कपाटात आणून ठेवला आणि हसत म्हणाली, "घे, मी पण करडी झाले."

पुढे लग्न झालं, मिलिंदच्या सरकारी नोकरीमुळे ती अँटॉप हिलच्या कॉलनीत राहायला गेली. माझ्या निवृत्तीनंतरही आम्ही भेटत राहिलो. मग तिचं दुखणं निघालं. ज्या औषधाने गाठ कमी होणार होती तेच कान नेणार होतं. हे तिला डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. "बघ, आयतीच तपासायला मिळाले मी," एवढंच बोलली.

आमची शेवटची भेट त्यानंतरची. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, डोक्याला निळा स्कार्फ. खिडकीतून समोरच्या इमारतींवरचं संध्याकाळचं ऊन दिसत होतं. मी पाटीवर लिहून तिच्याशी बोलत होते. मधेच ती म्हणाली, "नीला, सुरू झालंय गं." आवाज तसाच खणखणीत, स्वतःचं ऐकू येत नसल्याने जरा जास्तच. मला पाटीवर खूप काही लिहावंसं वाटलं. साचा का? आप्पा का? पण तिच्याचकडून शिकले होते. मी फक्त लिहिलं, काय ऐकू येतं? आणि थांबले.

"साचा नाही," ती म्हणाली. "मी कुठे होते साच्यावर. नुसती हाक आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या नावाची."

मी पाटी छातीशी धरली, ते तिला दिसलं असावं. तिने पाटी माझ्याकडून घेऊन बाजूला ठेवली. "घाबरतेस काय. माझाच आवाज आहे तो. त्या कपाटापुढे बसून रोज तुला हाका मारायचे ना, नीला, इकडे ये, नीला, हे बघ... तेच वाजतंय." मग डोळे मिटून, मान जराशी कलती करून ती ऐकत राहिली. मी तिच्यासमोर बसलेली असताना ती माझं नाव ऐकत होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मी दोनदा ओ देण्यासाठी तोंड उघडलं, आणि मिटलं.

परवा मी मिलिंदकडे गेले होते. थंडी पडल्यासारखं झालं होतं, मी शाल घेतली होती. तिच्या खोलीत कुणी नव्हतं, पलंगावरची चादर बदललेली होती, आणि वर पंखा पूर्ण जोरात फिरत होता. तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या पेशंटना ती सांगायची म्हणे, घर कधी अगदी गप्प ठेवू नका, बारीकसा काहीतरी आवाज असू द्या, म्हणजे कानातला सतावत नाही. स्वतःचे कान पार गेल्यावरही ती पंखा लावून ठेवायची. ऐकू येत नाही, पण तोंडावर वारा लागला की चालू आहे हे कळतं, असं म्हणायची. खुंटीवर तिचा निळा स्कार्फ होता. पंख्याच्या वाऱ्याने त्याचं टोक एकसारखं पुढेमागे होत होतं. मिलिंद दारात उभा होता. मी बटणाकडे हात नेला आणि विचारलं, "बंद करू का रे?"

"नको," तो म्हणाला. "त्या दिवसापासून केलाच नाहीये."

मी हात मागे घेतला. शाल घट्ट ओढून मी पलंगाच्या कडेला बसले, आणि तो खुर्चीत.